नामदेवच्या घरची सुपारी

बँडमास्तर नेमकं काय करतो, हे मला आजवर कोणी विचारलेलं नाही. विचारतात ते एवढंच, की टोपीला तुरा कशाला आणि एवढ्या उन्हात तो कोट सहन कसा होतो. तुरा गिऱ्हाइकाला लांबून दिसावा म्हणून, आणि कोट सहन होत नाही. झालं उत्तर. आता गुडघ्यांनी राजीनामा दिला, कोट खुंटीला गेला, म्हणून न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर लिहायला बसलोय. संपादक म्हणाले होते, दिवाळीचा अंक आहे, जरा गंमतशीर लिहा. गंमत आहे, पण ती मधून मधून आहे.

मी पेणच्या रामवाडीचा आणि बँडही रामवाडीचाच. ट्रम्पेट मी वाजवायचो, क्लॅरोनेट नामदेव. बाकी युफोनियम, ढोल, साइड ड्रम, झांजा आणि एक खुळखुळेवाला, जो बहुतेक बँडांत कोणाचा तरी मेहुणा असतो. आमच्याकडे माझाच होता. मास्तर गाणं निवडतो, किती चालवायचं ते ठरवतो आणि कुठे थांबायचं ते सांगतो. यातलं थांबवणं सगळ्यात अवघड. ढोलवाल्याचा हात एकदा सुटला की मग तो कोणाच्या बापाचं ऐकत नाही. मी ट्रम्पेट डोक्याच्या वर धरलं की पुढच्या फेऱ्याला सगळ्यांनी तोडायचं, अशी आमची खूण होती.

कामाला आम्ही सुपारी म्हणतो. पेपरात हा शब्द हल्ली भलत्याच कामासाठी छापून येतो, आमच्याकडे तो अजून लग्नाचाच आहे. तुळशीचं लग्न लागलं की सुपाऱ्या सुरू, पाऊस आला की कोट पेटीत. मग निम्मा बँड हमरापूरला गणपतीच्या कारखान्यांत कामाला. कोणी रंग मारतोय, कोणी मूर्तीला पॉलिशपेपर घासतोय. लग्नात ज्याला तुम्ही झगझगीत कोटात बघता, तो श्रावणात गणपतीच्या सोंडेखाली पांढराफटक होऊन बसलेला असतो.

धंद्यातल्या दोन रिवाजांची माहिती आधीच देतो, म्हणजे पुढे खोळंबा नको. आमच्या खाडीकडच्या लग्नांत धवलारीण असते. लग्नाच्या विधींची गाणी, म्हणजे धवले, म्हणणारी जाणती बाई. तिने धवला उचलल्याशिवाय हळद लागत नाही, आणि ती गात असताना बाजाने चूप बसायचं. दुसरा रिवाज आमच्या लाइनीतला. ज्याच्या घरचं कार्य, त्याने त्या कार्यात वाद्याला हात लावायचा नाही. तो त्या दिवशी यजमान असतो, वाजंत्री नव्हे. हा रिवाज कोणी घातला ते ठाऊक नाही, पण मोडलेला मी कधी बघितला नव्हता.

आता नामदेव. खाडीकडच्या गावातला, बापजादे मिठागरावर. अंगाने काटकुळा, बोलायला कडू आणि वाजवायला लागला की डोळे घट्ट मिटणारा. "डोळे उघड रे, खड्ड्यात पडशील," मी ओरडायचो. पडायचाही. एकदा वरातीत गटारात पाय गेला, तरी सूर तुटला नाही. बाहेर काढल्यावर मला म्हणाला, "गाणं मध्येच कशाला थांबवलंत?"

हमरापूरच्या एका कारखानदाराने एकदा आम्हाला विचित्र सुपारी दिली. त्याचा सगळ्यात मोठा गणपती ट्रकने निघायचा होता. म्हणाला, "बाजा पायजे, पण ढोल वाजवायचा नाय. कान नुकते जोडलेत, हादऱ्याने गळतील." आता ढोलाशिवाय बँड म्हणजे काय करायचं? मी म्हटलं, नामदेव, तू एकटाच घे. गल्लीपासून हायवेपर्यंत ट्रक मुंगीच्या पावलाने पुढे आणि मागून नामदेव एकटा वाजवत. आम्ही बाकीचे वाद्यं काखेत मारून मयताला निघाल्यासारखे चाललो होतो. पण दोन्ही बाजूंना कारखान्यांतली माणसं ब्रश हातात घेऊन दारात येऊन उभी राहिली. कोणी हललं नाही, कोणी बोललं नाही. कारखानदार तर ढसाढसा रडला, पोरगी सासरी निघाल्यासारखा. नामदेवच्या लेखी बाजा म्हणजे ते. माणसाने उभं राहून ऐकायचं.

आणि मग रोह्याचं फाटक आलं.

रोह्याला वरात चालली होती. नवरा सजवलेल्या जीपमध्ये, पुढे आम्ही. रेल्वेचं फाटक पडलं आणि मालगाडी येऊन मधोमध उभीच राहिली. इंजिन पुढे कुठे, डबे मागे कुठे, काही पत्ता नाही. आमची गाणी संपली, पुन्हा पहिल्यापासून वाजवली, तीही संपली. ऊन असं, की नवऱ्याच्या फेट्यातून घाम गळत होता. वऱ्हाडी चिडायला लागले. तेवढ्यात आमचा साइड ड्रमवाला सचिन, त्याचे हात कधी स्थिर नसायचेच, त्याने कंटाळून एक ठेका धरला. आपल्याकडे कोकणात सनई-ढोलाच्या खालूबाजाला असतो तसा, कंबरेतून उचलणारा. ढोलवाल्याने तो उचलला. नवऱ्याची आत्या, बऱ्यापैकी वयस्कर बाई, पदर खोचून रस्त्यात उतरली. तिच्यामागे दुसरी. मी ट्रम्पेट लावलं आणि बघता बघता अख्खी वरात फाटकापुढे नाचायला लागली. रिक्षावाले उतरून नाचले. फाटकाचा गेटमन दांडीला धरून डोलत होता. शेवटी गाडी गेली, फाटक उघडलं, आणि कोणी जागचं हलेना! मागचे ट्रकवाले हॉर्न मारून मारून थकले.

नामदेव तेवढा क्लॅरोनेट खाली घेऊन बाजूला उभा होता.

"का रे, थांबलास का?"

"नाचायला ढोल पुरे हाय. मी कशाला?"

त्या दिवसापासून आमच्या सुपाऱ्या बदलल्या. लोक येऊन सांगायचे, "मास्तर, त्या फाटकावर वाजवलात ना, तसलं." उभं राहून ऐकणारे मागे पडले, नाचणारे पुढे आले. मलाही ते आवडलं, खोटं कशाला बोलू? आधी मी माणसांच्या तोंडाकडे बघून वाजवायचो, मग पायांकडे बघायला शिकलो. नाचाच्या बाजाचं एकच गुपित आहे, ते फुकटात सांगतो. वेग म्हाताऱ्यांच्या पायाने ठरवायचा. पोरं काय, कशावरही उड्या मारतात. पण ठेका पळवलात की म्हाताऱ्या बसतात. म्हाताऱ्या बसल्या की बाया बसतात, बाया बसल्या की नुसते बाप्ये उरतात, आणि मग भांडणं. म्हाताऱ्या उभ्या आहेत तोवर मांडव आपला.

नामदेवला हे पटवायला मला घाम फुटला. "पायाने ऐकतात ती माणसं," तो म्हणायचा, "मी कानासाठी शिकलोय." बँड सोडून मात्र गेला नाही. नाचाच्या गाण्यातही तो वाजवायचा, पण मिटल्या डोळ्यांनी, पुढे काय चाललंय त्याच्याशी देणंघेणं नसल्यासारखा. गंमत म्हणजे त्याच्या त्या लांबलचक ओढलेल्या सुरानेच नाचाला मजा यायची. मी त्याला तसं सांगितलं. त्याने मला शिवी दिली.

पुढचं तुम्हाला माहीत आहे. बेंजो आला, कीबोर्ड आला, मग डीजे आला. नाचायची चटक आम्हीच लावली आणि मग लोकांना आमच्याहून मोठा आवाज हवा झाला. सचिन मला सोडून गेला आणि त्याने स्पीकर घेतले. जायच्या आधी पाया पडून गेला. मी म्हटलं, "पाया कसला पडतोस, पोटावर पाय देतोस!" तो हसला, मीही हसलो. पण त्या मोसमात निम्म्या सुपाऱ्या त्याच्याकडे गेल्या आणि माझा युफोनियमवाला रोह्याच्या कंपनीत पॅकिंगला लागला.

असं करत करत नामदेवच्या दातांवर गोष्ट आली. क्लॅरोनेट तोंडात धरताना वरचे दात त्यावर टेकवावे लागतात, सगळा आधार त्यांचाच. नामदेवचे पुढचे दात हलायला लागले. पेणच्या डॉक्टरांनी सांगितलं, काढावेच लागतील, नाहीतर जबडा खराब होईल. कवळी लावून वाजवणारे असतात म्हणे, पण नामदेव म्हणाला, "दुसऱ्याच्या दाताने मी भाकरी खाईन, सूर नाय लावायचा." त्याच वैशाखात त्याच्या मुलीचं, वैशालीचं, लग्न ठरलं होतं. रोह्याचं स्थळ. डॉक्टरांना त्याने लग्नानंतरची तारीख दिली. म्हणजे हळदीला त्याचे दात असणार होते, पण ज्याच्या घरचं कार्य त्याने वाद्याला हात लावायचा नसतो. त्यामुळे नसल्यासारखेच.

आम्ही मात्र ठरवून टाकलं होतं. नामदेवची पोर म्हणजे बँडची पोर. हळदीला असा बाजा वाजवायचा की खाडीपलीकडे ऐकू गेला पाहिजे. कोट धुवायला दिले. आणि एक दिवस सचिन माझ्या दारात, तोंड वेडंवाकडं करून उभा.

"मास्तर, रागावू नका. नामदेवकाकांच्या हळदीची सुपारी मला आलीय."

मला आधी वाटलं, चेष्टा करतोय. मग तसाच उठून नामदेवच्या घरी गेलो. तो ओटीवर सुपारी कातरत बसला होता, खरी सुपारी.

"डीजे सांगितलास? तू?"

"व्हय."

"अरे, ज्याच्या नावाने आयुष्यभर बोटं मोडलीस तो डीजे?"

"मास्तर, तुमाला सांगितला असता तर गाव काय बोललं असतं? घरचा बाजा, फुकटात उरकला. पोरीच्या हळदीला खर्च नको म्हणून आपलेच चार भिडू उभे केले. मना ते ऐकायचं नाय."

"मग आम्हाला रीतसर पैसे दे."

"दिले तर घ्याल?"

"नाय."

"मंग?"

तिथेच त्याच्या कानाखाली वाजवावीशी वाटली. जन्मभर बँडमध्ये घालवलेला माणूस पोरीच्या हळदीला डीजे लावतो, आणि कशासाठी, तर अब्रूसाठी. असलं डोकं फक्त वाजंत्र्याचंच चालू शकतं. मी तरातरा घरी आलो आणि सगळ्यांना सांगितलं, पाहुणे म्हणून जायचं, जेवायचं, घरी यायचं. खुळखुळेवाला मेहुणा तर म्हणाला की तो जेवणारही नाही. तो जेवला, ही गोष्ट वेगळी.

हळदीच्या आदल्या आठवड्यात वैशाली आली. शिफ्ट सुटल्यावर कंपनीच्या बसमधून रामवाडीला उतरली होती, गळ्यात अजून ओळखपत्र. दारातच उभी राहिली.

"काका, बाबाचा राग माझ्यावर काढू नका."

"तुझ्यावर कशाला काढू? ये, बस. चहा घे."

ती बसली नाही. म्हणाली, "काका, मी बाबाच्या बाजावर कधीच नाचले नाय."

मी म्हटलं, "म्हणजे?"

"म्हणजे काय, कुठे नाचणार? तुमी वाजवणार लोकांच्या लग्नात. आमाला कोण बोलवतंय तिथे? आमच्या वाडीत लग्न असलं तरी बाबा दुसरीकडे सुपारीला. मी घरात त्यांना सराव करताना ऐकलंय, ते पण भिंतीकडे तोंड करून. सगळा तालुका माझ्या बाबावर नाचला, काका. मी नाय नाचले. आणि आता त्यांचे दात जाणार."

मी बायकोकडे बघितलं. बायको माझ्याकडे बघत होती. तिची नजर मला समजली. आमच्या लग्नाला एवढी वर्षं झाली, तीही कधी माझ्या बाजावर नाचली नव्हती, आणि हे माझ्या कधी डोक्यातही आलं नव्हतं.

"तुझा बाबा रिवाज मोडायचा नाय, पोरी," मी म्हटलं.

"तुमी नुसती वाद्यं घेऊन या," ती म्हणाली. "बाकी मी बघते."

म्हणून हळदीला आम्ही पाहुण्यासारखे कपडे घालून, पण टेम्पोत ताडपत्रीखाली वाद्यं टाकून गेलो. दुपार कलत आली होती. मांडवात सचिनचा डीजे चालू. चांगला वाजवत होता पोरगा, पण आवाज असा, की पाण्याचे ग्लास टेबलावर आपोआप सरकत होते. मी सवयीने खुर्च्यांकडे बघितलं. म्हाताऱ्या बसलेल्या. एकजात सगळ्या, पदराने कान झाकून. चार पोरं काय ती स्पीकरसमोर उड्या मारत होती. नामदेव नव्या पांढऱ्या कपड्यांत कोपऱ्यात उभा होता. चेहरा असा, की स्वतःच्याच घरात पाव्हणा आलाय. आम्हाला बघून त्याने मान खाली घातली.

धवलारीण होत्या चांगुणाआत्या, नामदेवची सख्खी आत्या. तोंडात निम्मे दात, पण मांडवात त्यांचा शब्द शेवटचा. त्यांनी हात वर केला. सचिनने तत्काळ आवाज बंद केला. तेवढं वळण मी त्याला लावलं होतं. वैशाली पिवळं लुगडं नेसून बाहेर आली. पाट मांडलेला, हळदीची वाटी तयार. ती पाटापर्यंत आली आणि बसायच्या ऐवजी बापाकडे गेली.

"बाबा, मला तुमच्या बाजावर नाचायचंय. आत्ता."

"काय बोलतंस गो?" नामदेव म्हणाला. "घरचं कार्य हाय. रिवाज हाय का तसा?"

"एकदाच."

"नाय. हळदीच्या घरात यजमानाने बाजा धरायचा नसतो. तुझ्या सासरी कळलं तर काय बोलतील?"

"सासरी कळू दे. मी सांगेन त्यांना, माझा बाबा काय वाजवतो ते."

नामदेवची मान नाहीच म्हणाली. हट्टी माणूस. वैशालीच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ती पाटाकडे वळली. माझा जीव तुटत होता, पण माझ्या हातात काही नव्हतं. सगळं चांगुणाआत्यांच्या हातात होतं. त्यांनी धवला उचलला की हळद लागणार आणि हळद लागली की नामदेव यजमान.

चांगुणाआत्यांनी घसा खाकरला. मग फतकल मारून खाली बसल्या आणि कनवटीचं पानाचं फडकं सोडलं.

"काय झालं, आत्ये?" नामदेवने विचारलं.

"पान खाते. पान खाल्ल्याबिगर माझा आवाज सुटत नाय."

"पण हळद..."

"हळद माझ्या धवल्याने लागतं. मी धवला उचलला काय? नाय ना? मंग हळद लागली नाय. हळद लागली नाय म्हंजे कार्य सुरू झाला नाय. तवर तू वाजवणारा नाम्याच हायस. माझा पान होईपर्यंत काय करायचा ता कर."

एवढं बोलून त्या तोंड हलवायला लागल्या. मी मागे वळून बघितलं तर मेहुणा ताडपत्री ओढत होता. नामदेवची बायको घरातून क्लॅरोनेटची पेटी घेऊन आली. सचिन डीजे सोडून माझ्यासमोर येऊन उभा राहिला. "मास्तर, साइडवर मी येऊ काय?" मी म्हटलं, "विचारतोस काय, गळ्यात घाल!"

नामदेवने क्लॅरोनेट जोडलं. दात दुखत होते, ते त्याच्या गालावर दिसत होतं. डोळे मिटले आणि त्याने हमरापूरला गणपतीमागे वाजवला होता तो सूर लावला, संथ, लांब. सगळे उभे राहून ऐकायला लागले. वैशालीही ऐकत उभी राहिली. हात जोडल्यासारखे एकत्र, पाय जमिनीला खिळलेले. तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं, पण नाच कुठे होता?

मी नामदेवच्या कानाशी गेलो. म्हटलं, "डोळे उघड, गाढवा. पोर उभी आहे."

त्याने डोळे उघडले. आमच्या इतक्या वर्षांच्या संगतीत वाजवताना त्याचे उघडे डोळे मी पहिल्यांदा बघितले. तो तिच्या तोंडाकडे बघत होता, मग त्याची नजर खाली तिच्या पायांवर गेली. सूर लावलेलाच ठेवून त्याने सचिनकडे बघून मान हलवली. रोह्याच्या फाटकावरचा ठेका. सचिनने तो असा उचलला की जणू मधली वर्षं गेलीच नव्हती. वैशालीचा उजवा पाय हलला. नामदेवने तिथेच सुराला हेलकावा दिला. डावा हलला, पुन्हा दिला. ती पळाली की तो पळत होता, ती श्वासाला थांबली की तो सूर ओढून धरत होता. माझं ट्रम्पेट मी नुसतं मागून लावलं, कारण त्या दिवशी मास्तर मी नव्हतोच.

खुर्च्या सरकल्याचा आवाज आला. म्हाताऱ्या उठल्या होत्या.

नामदेवचे दात पुढच्या आठवड्यात गेले आणि क्लॅरोनेट त्याने पुन्हा धरलं नाही. पण ते नंतरचं. त्या दुपारी वाजवता वाजवता मला काळजी लागली होती ती पानाची. एवढा वेळ कुठलं पान पुरतं? मी वाजवतच सरकत सरकत चांगुणाआत्यांजवळ गेलो. त्यांचं तोंड चालूच होतं. त्यांनी मला खूण करून खाली वाकायला सांगितलं.

"मास्तर, पोरीचा झाला काय नाचून?"

त्यांनी बोलायला तोंड उघडलं तेव्हा दिसलं, तोंडात काहीच नव्हतं. पान तसंच्या तसं, विड्याची घडीसुद्धा न मोडलेलं, त्यांच्या मुठीत होतं.

मी वैशालीकडे बघितलं. तिने आईला ओढून आणलं होतं आणि दोघी बापासमोर गिरक्या घेत होत्या.

"नाय, आत्या," मी म्हटलं. "अजून नाय."

"बरा," म्हणून चांगुणाआत्या पुन्हा तोंड हलवायला लागल्या.